त्याचं-माझं पटतच नाही, बॉस!

घरच्यांपेक्षा जास्त तास ज्यांच्याबरोबर काढतो, त्यांच्यातल्याच एकाशी आपलं बोलणं बंद असतं. मग जॉब बदलायचा, की त्याला बदलायचं, की आणखी काही? मोशीच्या बसस्टॉपपासून टिळक-आगरकरांच्या पुण्यापर्यंत, ऑफिसमधल्या 'क्लॅश'ची ही गोष्ट.

सकाळचे सव्वासहा. मोशीच्या भारतमाता चौकात कंपनीच्या बसची वाट बघणाऱ्यांचे घोळके. गळ्यात आय-कार्ड, पाठीला सॅक, कानात इयरफोन आणि डोळ्यांवर अजून झोप. चाकणची बस येते. ती आधी चढते आणि पुढच्या सीटवर बसते. तो मागून चढतो, तिच्याकडे न बघता थेट शेवटच्या सीटवर जातो. दोघं माझ्याच सोसायटीत राहतात. एकाच कंपनीत, एकाच लाइनवर काम करतात. आणि गेले चार महिने एकमेकांशी एक शब्द बोललेले नाहीत. (ई-मेल मोजायच्या नसतील, तर!)

ती क्वालिटीत, तो प्रॉडक्शनला. कंपनी गाड्यांचे पेंट केलेले प्लास्टिकचे पार्ट बनवते. मंथ-एंडचा दिवस होता. डॉकवर ट्रक उभा, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आणि हिने अख्खा लॉट होल्डवर टाकला. का? तर पार्टवर बारीक ओरखडे दिसत होते. त्याचं डोकं फिरलं. दहा ऑपरेटरांसमोर तो ओरडला, ''मॅडम, जे कस्टमरला दिसत नाही, ते तुम्हालाच बरं दिसतं!'' ती तिथे काहीच बोलली नाही. शांतपणे डेस्कवर गेली आणि एक मेल टाकली. सब्जेक्ट, 'प्रॉडक्शनकडून वारंवार निष्काळजीपणा'. सीसीमध्ये प्लँट हेड. झालं! त्या दिवसापासून कट्टी.

या लेखासाठी मी दोघांशी वेगवेगळं बोलले. नाव छापायचं नाही या अटीवर दोघंही भडाभडा बोलले. ''तो आहेच तसा. उर्मट,'' ती म्हणाली. ''ती आहेच तशी. अडवायला आवडतं तिला,'' तो म्हणाला. मजा बघा, दोघांच्याही वाक्यात एकच शब्द कॉमन होता... 'आहेच'!

माझं ट्रॅफिक, त्याचा स्वभाव

पुणे-नाशिक हायवेवरून चाकणला जाणाऱ्याला ट्रॅफिक म्हणजे काय हे सांगायला नको. तळेगाव चौकात बस अडकली, की अर्धा-पाऊण तास कसा जातो कळत नाही. आता एक प्रामाणिक उत्तर द्या. तुम्हाला मीटिंगला उशीर झाला, तर कारण काय? ट्रॅफिक! आणि तुमच्या नावडत्या कलीगला उशीर झाला, तर? ''त्याला शिस्तच नाही.''

आपण चुकलो तर परिस्थिती, दुसरा चुकला तर स्वभाव. या मनाच्या खोडीवर मानसशास्त्रज्ञांनी पुष्कळ काम केलंय. ली रॉस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये तिचं बारसंही केलं. त्याचं म्हणणं सोपं होतं : दुसऱ्याच्या वागण्याचं कारण शोधताना आपण त्याच्या परिस्थितीकडे कमी बघतो आणि त्याच्या स्वभावावर भलताच जोर देतो. ऑफिसमधल्या निम्म्या गॉसिपचं इंधन हेच नाही का?

मी काही यातून सुटलेली नाही. पहिल्या नोकरीत माझे एक सीनियर होते. माझी कॉपी त्यांच्याकडे गेली, की निम्मी होऊन परत यायची. कारण विचारलं, तर वर न बघता ''जागा नाही'' एवढंच उत्तर. मला खात्री होती, हा माणूस माझ्यावर जळतो. मी कँटीनमध्ये त्यांची नक्कल करायचे, सगळे हसायचे. आठ महिन्यांत राजीनामा टाकला. तीन वर्षांनी एका लग्नात भेटले, तेव्हा त्यांनीच चौकशी केली, ''काय गं, लिहितेस ना अजून?'' मग बोलता बोलता कळलं, की त्या वर्षी त्यांचे वडील हॉस्पिटलमध्ये होते. दिवसा दवाखाना, रात्री पान लावायचं. आणि ऐन वेळी जाहिरात आली, की रोज कोणाची ना कोणाची कॉपी कापावी लागायची. ''तुझीच कापायचो, कारण ती कापली तरी उभी राहायची,'' ते म्हणाले. मी नुसती मान हलवली. घशात आवंढा होता. आठ महिन्यांत मी एकदाही त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले नव्हते.

आधी करा 'खुर्ची टेस्ट'

प्रत्येक भांडण हे पर्सनॅलिटीचं नसतं, ही गोष्ट आपल्याकडे कोणी सांगतच नाही. त्यासाठी एक साधी टेस्ट. डोळे मिटा आणि कल्पना करा, की तुमचा तो 'नकोसा' कलीग उद्या सोडून गेला आणि त्याच्या खुर्चीवर एकदम गोड स्वभावाचा माणूस आला. सहा महिन्यांनी त्याच्याशीही तुमचं याच मुद्द्यावर वाजेल का?

उत्तर 'हो' असेल, तर दोष माणसाचा कमी आणि खुर्चीचा जास्त. आमच्या सोसायटीतलीच जोडी घ्या. त्याचं अप्रेझल ठरतं किती पार्ट डिस्पॅच झाले यावर. तिचं ठरतं कस्टमरकडून किती तक्रारी आल्या यावर. त्याच्या डोळ्यांसमोर ट्रक, तिच्या डोळ्यांसमोर परत आलेला लॉट. कंपनीनेच दोघांच्या हातात दोन टोकांची दोरी दिलीय आणि वर म्हणतेय, 'टीमवर्क दाखवा'! भोसरी-चाकणच्या कुठल्याही शेडमध्ये जा, प्रॉडक्शन आणि क्वालिटीचं हे नातं विळ्या-भोपळ्याचंच. हिंजवडीच्या आयटीवाल्यांनी लगेच हसू नये. तुमच्याकडे डेव्हलपर आणि टेस्टर काय वेगळं करतात? आणि सेल्सवाला आणि अकाउंट्सवाला?

उत्तर 'नाही' असेल, म्हणजे दुसऱ्या कोणाशीही तुमचं छान जमलं असतं, तर मात्र तुमच्या दोघांच्या तारा खरंच जुळत नाहीत. एकाला सगळं आधी ठरलेलं लागतं, दुसरा वेळ आली की बघतो. एकाला बोलून विचार करायची सवय, दुसऱ्याला विचार करून बोलायची. यात चूक कोणाचीच नाही. फक्त इंडक्शनच्या वेळी भरलेल्या टेस्टवरून एकमेकांवर शिक्के मारू नका. १६ प्रकारांत माणसं बसवणारी 'मायर्स-ब्रिग्ज' टेस्ट कॉर्पोरेट ट्रेनिंगमध्ये भलतीच पॉप्युलर आहे, पण तिच्या अचूकतेवर संशोधकांनी बरेच आक्षेप घेतलेत. गप्पांसाठी ठीक आहे, कोणाचं करिअर तिच्यावर तोलू नये.

तुम्ही भांडता कसे?

केनेथ थॉमस आणि राल्फ किलमन या दोघांनी १९७४ मध्ये माणसांच्या भांडणाच्या पाच पद्धती मांडल्या. आपल्या ऑफिसात त्या अशा दिसतात :

- माझंच खरं : मीटिंग जिंकल्याशिवाय उठणार नाही. सेफ्टीचा प्रश्न असेल तेव्हा असंच वागावं. चहा कोणत्या व्हेंडरचा, यावर मात्र नको.
- तुझंच खरं : ''ठीक आहे, तू म्हणशील तसं.'' मुद्दा छोटा असेल तर शहाणपण. रोजचं झालं, तर आतल्या आत धुमसणं.
- मी नाहीच इथे : तो दिसला की जिना बदलायचा. डोकी तापलेली असताना दोन तासांसाठी उत्तम. चार महिन्यांसाठी महागात पडतं.
- अर्धं तुझं, अर्धं माझं : वेळ कमी असेल तेव्हा कामाला येतं. दोघंही थोडे नाराज, पण काम पुढे सरकतं.
- चल, बसून बघू : दोघांना नेमकं काय हवंय ते टेबलावर मांडायचं. वेळखाऊ आहे, पण रोज भेटणाऱ्या माणसाबरोबर शेवटी हेच टिकतं.

यातली कुठलीच पद्धत कायम बरोबर किंवा कायम चूक नसते. गडबड होते ती आपण प्रत्येक वेळी एकच वापरतो म्हणून. आमच्या 'त्या'ची फेव्हरिट पहिली, 'ति'ची तिसरी. तो ओरडला, तिने तोंड फिरवलं आणि मेल टाकली. मग दुसरं काय होणार?

नऊ दिवसांच्या अंतरावरचे दोन मित्र

आता जरा एफसी रोडवर जाऊ. कॉफी प्यायला नाही, एक जुनी केस बघायला. ज्या कॉलेजमुळे हा रस्ता ओळखला जातो, त्या फर्ग्युसनशी मराठी माणसाच्या इतिहासातला सगळ्यात गाजलेला 'कलीग क्लॅश' जोडलेला आहे.

गोपाळ गणेश आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ चा. बाळ गंगाधर टिळकांचा २३ जुलै १८५६ चा. अंतर फक्त ९ दिवसांचं! ओळख डेक्कन कॉलेजातली. सरकारी नोकरीचा सोपा रस्ता सोडून शिक्षणाचं काम करायचं, हे स्वप्न दोघांचं. १८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने न्यू इंग्लिश स्कूल निघालं. १८८१ मध्ये 'केसरी' आणि 'मराठा' सुरू झाले. 'केसरी'चे पहिले संपादक आगरकर. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात बदनामीचा खटला झाला आणि दोघांनी मिळून मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. पुढे १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी, १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज. आजच्या भाषेत सांगायचं, तर स्टार्ट-अपचे दोन को-फाउंडर, तेही एकत्र जेलमध्ये जाऊन आलेले!

आणि मग बिनसलं. मुद्दे दोन होते आणि ते वेगळे होते.

पहिला विचारांचा. बालविवाहासारख्या प्रथांवर आगरकरांना सडेतोड लिहायचं होतं, गरज पडली तर कायदाही हवा होता. परक्या सरकारने आपल्या समाजात हात घालावा, हे टिळकांना मान्य नव्हतं. १८८७ मध्ये आगरकरांनी 'केसरी' सोडला आणि १८८८ मध्ये 'सुधारक' काढला.

दुसरा मुद्दा संस्थेचा, म्हणजे अगदी आपल्या ओळखीचा. आजीव सदस्यांनी कमी पगारावर राहायचं आणि सगळा वेळ संस्थेला द्यायचा, ही मूळ कल्पना. पण काळ गेला, संसार वाढले. पगार वाढवायचा का? बाहेरची कामं घेतलेली चालतील का? टिळकांसाठी त्याग हा संस्थेचा पायाच होता. तो हलला, तर उरलं काय? आगरकर अतिशय गरिबीतून वर आलेले, त्यांचा आणि इतर काही सहकाऱ्यांचा विचार वेगळा होता. शेवटी गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं काम अंगावर घेतलं, तेव्हा टिळकांचा संयम संपला. डिसेंबर १८९० मध्ये त्यांनी राजीनामा दिला. लांबलचक, मुद्देसूद, सगळा हिशेब मांडणारा. वर्षानुवर्षं साचलेलं सगळं एकदम त्या कागदांवर उतरलं.

त्यानंतर 'केसरी' आणि 'सुधारक' एकमेकांवर तुटून पडत राहिले. १७ जून १८९५ रोजी आगरकर गेले. वय फक्त ३८. टिळकांनी 'केसरी'त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला. तो वाचायला आगरकर नव्हते.

मला यातून दोन गोष्टी दिसतात. विचारांचं भांडण खरं होतं. कुठल्याही टीम-बिल्डिंगने ते मिटलं नसतं, आणि ते मिटायची गरजही नव्हती. दोघांनी आपापला पेपर चालवला, मराठी वाचकाला दोन दमदार बाजू मिळाल्या. पटत नसेल, तर टेबल वेगळं करणं ही हार नसते. पण दुसरं भांडण मात्र एका नियमाचं होतं. नियम एकच होता, अर्थ प्रत्येकाच्या डोक्यात वेगळा. 'बाहेरचं काम' म्हणजे नेमकं काय? 'कमी पगार' म्हणजे कुठपर्यंत कमी? हे सगळ्यांनी मिळून वेळीच पक्कं केलं असतं, तर नातं थोडं तरी वाचलं असतं, असं वाटत राहतं.

तर मग करायचं काय?

१. 'आहेच' हा शब्द काढून टाका. 'तो उर्मट आहेच' याऐवजी 'तो परवा ऑपरेटरांसमोर माझ्यावर ओरडला' असं म्हणा. स्वभावावर उपाय नसतो, घटनेवर असतो. शॉपफ्लोअरवर एखादा पार्ट रिजेक्ट झाला, की आपण पाच वेळा 'का?' विचारतो ना? टोयोटाने जगाला शिकवलेली ती सवय माणसांच्या बाबतीतही वापरा. दुसऱ्या-तिसऱ्या 'का'लाच स्वभाव मागे पडतो आणि मंथ-एंड, मॅनपॉवर, मशीन पुढे येतं.

२. मेल नको, खुर्ची ओढा. वाद टाइप करून मिटत नाही, वाढतो. रागात लिहिलेली मेल ड्राफ्टमध्ये एक रात्र झोपवा. आणि सीसीमध्ये मोठ्या साहेबांचं नाव टाकायच्या आधी स्वतःला विचारा, मला प्रश्न सोडवायचाय की साक्षीदार गोळा करायचेत? रेकॉर्ड हवंच असेल, तर आधी बोला, मग 'आपलं ठरलं ते असं' अशी दोन ओळींची मेल टाका.

३. चूक चारचौघांत झाली, तर माफीही चारचौघांतच. दहा जणांसमोर अपमान करायचा आणि पार्किंगमध्ये हळूच 'सॉरी' म्हणायचं, हे चालत नाही. ज्यांनी ते ऐकलं, त्यांनी हेही ऐकायला हवं.

४. पार्टीच्या भरवशावर राहू नका. एचआरला वाटतं, दोघांना लोणावळ्याला नेलं की झालं. १९५४ मध्ये मुझफर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेत एका कॅम्पमध्ये मुलांचे दोन गट केले, त्यांच्यात चुरस लावली. वैर वाढल्यावर दोघांना एकत्र जेवायला बसवलं, तर मुलांनी एकमेकांवर अन्नच फेकलं! वैर कमी झालं ते कधी? कॅम्पचं पाणी बंद पडलं आणि ते दोन्ही गटांना मिळून शोधावं लागलं तेव्हा. म्हणून बॉसमंडळी, बुफे नको, दोघांना मिळूनच सुटेल असं एक काम द्या.

५. तिसरा माणूस नीट निवडा. कँटीनमध्ये तुमच्या प्रत्येक वाक्याला 'हो ना!' म्हणणारा मित्र हा सल्लागार नसतो. दोघांच्याही विश्वासातला, कामाची माहिती असलेला कोणीतरी सीनियर शोधा. बॉसकडे जायचंच असेल, तर दोघांनी मिळून जा.

६. सोडायचं असेल, तर साचू न देता सोडा. प्रयत्न करूनही जमलं नाही, तर टीम बदला, डिपार्टमेंट बदला, जॉबही बदला. पण दहा वर्षांचा हिशेब राजीनाम्यात लिहायची वेळ येऊ देऊ नका. आणि समोरच्याचं जे चांगलं होतं, ते तो समोर असतानाच सांगा.

थांबा! हा क्लॅश नाही

काही गोष्टींना 'त्यांचं जरा पटत नाही' म्हणून झाकू नका. जातीवरून, गावावरून, भाषेवरून, दिसण्यावरून टोमणे, मुद्दाम एकटं पाडणं, धमकी हा स्वभावातला फरक नाही, हा त्रास आहे. तारीख, वेळ, शब्द लिहून ठेवा आणि लेखी तक्रार करा. महिलांच्या लैंगिक छळाबाबत तर २०१३ चा कायदाच आहे. १० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवीच. तक्रार लेखी आणि घटनेपासून ३ महिन्यांच्या आत करायची असते. उशिराचं कारण पटलं, तर समिती आणखी ३ महिने देऊ शकते. कंपनी छोटी असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. इथे 'बसून बघू' म्हणायची जबाबदारी तुमची नाही.

आणि त्या दोघांचं काय झालं?

सांगते! त्यांचं भांडण सोडवलं ते एका पार्टने. खरंच. त्यांच्या नव्या क्वालिटी हेडने दोघांना एकत्र बोलावलं आणि विचारलं, ''किती ओरखडा चालतो?'' दोघांची उत्तरं वेगळी. ड्रॉइंगवर लिहिलेलं, 'ओरखडे नकोत'. म्हणजे किती? कोणत्या उजेडात? किती अंतरावरून? कोणालाच माहीत नव्हतं. मग दोघं एका टेबलावर दोन तास पार्ट मांडून बसले. हा चालेल, हा नाही, हा कस्टमरला विचारू. शेवटी एक पार्ट निवडला, 'इथपर्यंत ओके'. त्यावर कस्टमरची मंजुरी घेतली, टॅगवर दोघांनी सह्या केल्या आणि तो लाइनशेजारी टांगला. शॉपफ्लोअरच्या भाषेत याला 'लिमिट सॅम्पल' म्हणतात. आता ओरखडा दिसला, की कोणी ओरडत नाही. दोघं तिथे जातात, पार्ट शेजारी धरून बघतात. संपलं!

त्यांचे स्वभाव बदलले का? छे! त्याचा आवाज अजूनही मोठाच आहे. ती अजूनही सगळं लिहून ठेवते. पण पुढच्या मंथ-एंडला त्याने ऑपरेटरांसमोरच म्हटलं, ''त्या दिवशी मी बोललो ते चुकलं, मॅडम.'' आणि तिने त्याच प्लँट हेडला सीसी करून लिहिलं, की प्रॉडक्शनने ओरखड्यांचं रिजेक्शन कमी केलंय.

माणसाच्या स्वभावाचं लिमिट सॅम्पल बनत नाही. कामाचं मात्र बनतं. तुमच्या डेस्कवर ते कुठे टांगायचं, तेवढं ठरवा.

परवा पुन्हा मोशीच्या स्टॉपवर होते. बस आली. तो मागे गेला, ती पुढे बसली. मला वाटलं, परत बिनसलं की काय! तेवढ्यात मागून आवाज आला, ''मॅडम, आज ऑडिट आहे, लक्षात आहे ना?''

ती मागे न बघताच म्हणाली, ''मेल बघा सर, रात्रीच टाकलीय!''

आणि अख्खी बस हसली.